शेगडीच्या मेजावरची शाळा

एर्मेलिंदाबाई पिमेंता यांचे चरित्र लिहिण्याचे मी योजले आहे. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिण्यास पुष्कळ लोक आहेत. आमच्या गावात मोठी माणसे नसल्यामुळे ती स्पर्धा येथे उद्भवत नाही. मी, बेल्मिरो, जन्मभर मेंढ्या राखल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर गावच्या प्रौढ वर्गात अक्षरे शिकलो. त्यामुळे एखादे वाक्य जड वाटल्यास वाचकांनी तेथे थांबून दम घ्यावा. लिहिताना मीही घेतला आहे.

एर्मेलिंदाबाई या गावातील शिक्षणक्षेत्रातल्या सर्वांत अनुभवी व्यक्ती होत, असे त्यांचे स्वतःचे मत आहे, आणि ते निराधार नाही. गावच्या प्राथमिक शाळेत त्या शिपाई होत्या. घंटा वाजवणे, वर्गातील शेगडी पेटवणे, बाकांवरील शाईचे डाग घासणे आणि रडणाऱ्या मुलांची नाके पुसणे ही कामे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. वर्गाचे दार नेहमी थोडे उघडे असे आणि बाई नेहमी दाराबाहेर असत. शिक्षक येत गेले, बदलून जात गेले. घंटा वाजवणारा हात तोच राहिला. पुढे शाळेत विजेची घंटा आली तेव्हा जुनी पितळी हातघंटा बाईंनी घरी नेली. ती विचारून नेली की न विचारता, याविषयी गावात दोन मते आहेत, आणि ती दोन्ही बाईंच्या घरापासून दूर उभे राहूनच मांडली जातात.

बाईंच्या पुढच्या खोलीचे वर्णन करणे आवश्यक आहे, कारण सर्व प्रकार त्या खोलीमुळेच घडला. तेथे एक गोल मेज आहे. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारे जाड कापड आणि कापडाखाली निखाऱ्यांची शेगडी. आमच्या डोंगरांतली थंडी ईस्टर आल्याखेरीज हलत नाही, म्हणून माणसे त्या कापडात मांड्यांपर्यंत शिरून बसतात. तेथेच जेवतात, शिवतात, जपमाळ ओढतात आणि भांडतात. बाईंची खुर्ची आतल्या भिंतीशी, कपाट आणि शिवणयंत्र यांच्या बेचक्यात बसवलेली आहे. तेथे दुसरी खुर्ची सोडा, दुसरी कोंबडीही मावणार नाही. या खुर्चीवरून समोरची खिडकी दिसते आणि खिडकीतून सगळा रस्ता दिसतो: डावीकडे चर्च, उजवीकडे झुल्मिराचा कॅफे. एखादा पुरुष डावीकडे जाण्यासाठी घरातून निघून उजवीकडे वळला तर ते बाईंना त्याच्या बायकोच्या आधी कळते. जो कोणी भेटीस येतो तो मेजाच्या पलीकडे, खिडकीकडे पाठ करून बसतो. बाईंचे यजमानही तसेच बसत. बिचारे रस्ता न पाहताच वारले.

यजमान गेल्यावर समोरची खुर्ची रिकामी राहिली. ती इरियाने भरून काढली.

इरिया ही शेजारच्या नेलियाची पाच वर्षांची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एर्मेलिंदाबाई तिच्या धर्ममाता झाल्या, म्हणून ती त्यांना मादरीन म्हणते. बाप मालमोटारीवर असतो आणि घरी येतो तो झोपण्यासाठी. आई कास्तेलो ब्रांको शहरात एका विमा कचेरीत काम करते. दुपारी बालवाडी सुटली की इरिया मादरीनकडे येई आणि आई परत येईपर्यंत तेथेच राही. बाई तिला भाकरीवर मध घालून देत, तिच्या वेण्या घालत आणि तिच्याशी दिवसभराचे साठलेले बोलणे बोलून टाकत. ज्या घरात पूर्वी फक्त घड्याळ बोलत असे, त्या घरात हे घडत होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

संकट आले ते विमा कचेरीतून. तेथे नेलियाच्या सहकाऱ्यांची मुले होती, आणि ती मुले प्रत्यक्ष कचेरीत नसली तरी दिवसभर त्यांचीच चर्चा चाले. एकीचा मुलगा नामशेष झालेल्या सरड्यांची लांबलचक नावे वाचू शकत असे. दुसरीची मुलगी आजीला पत्रे लिही, आणि आजी तर त्याच घरात राहत होती. नेलिया संध्याकाळी घरी येई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असा भाव असे की जणू कोणी तिच्या मुलीचा हिस्सा खाऊन टाकला आहे. तिने अक्षरांची रबरी चटई आणली. तिच्यावर कुत्रा झोपू लागला. मग तिने अक्षरे बोलणारे अस्वल आणले. पोटावर दाबले की ते आमच्याच भाषेतल्या अक्षरांचे उच्चार ब्राझीलच्या हेलात करी.

एर्मेलिंदाबाईंनी ते एकदाच ऐकले.

“हे अस्वल बाहेरचं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला असं गात गात बोलायला शिकवायचं नाही.” आणि त्यांनी ते कपाटात उशांमागे ठेवून दिले. रात्री कधीतरी त्याच्यावर उशी पडे आणि ते कपाटातून एक अक्षर म्हणे.

नेलिया बालवाडीतही गेली. बालवाडीच्या कातियाबाई तरुण असून बाहेर शिकून आलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, “आम्ही अक्षरं लादत नाही. मूल तयार झालं की अक्षर आपोआप उमलतं.”

“आणि कधी उमलतं?” नेलियाने विचारले.

“पहिलीत,” कातियाबाई म्हणाल्या.

याच सुमारास शहरात लहान मुलांसाठी एक केंद्र उघडले होते. त्याचे नाव ‘उद्याचे दीप’. बालवाडी सुटल्यावर मुलांना मोटारीतून तेथे नेत आणि अंधार पडल्यावर परत आणीत. मधल्या वेळेत त्यांना पेटवण्याचे काम चाले. मेणबत्त्यांच्या सणाला, म्हणजे फेब्रुवारीच्या आरंभी, नेलिया बाईंच्या घरी आली. मी तेव्हा तेथे चीज पोचवण्यास गेलो होतो, म्हणून पुढील बोलणे माझ्या कानांनी ऐकलेले आहे.

“मावशी, राग मानू नका,” नेलिया म्हणाली. “तुम्ही तिला जीव लावता, मला माहीत आहे. पण दुपारभर ती इथे करते काय? मध खाते आणि रस्त्यावरच्या गोष्टी ऐकते. काल मला विचारत होती, झुल्मिराचा मेव्हणा रोज कॅफेच्या मागच्या दारानं का येतो.”

“का येतो ते मलाही अजून कळलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “कळलं की सांगेन.”

“मी तिला केंद्रात घालते.”

बाईंनी विणकामाची सुई खाली ठेवली. “कशाला? मी शिकवते की! आयुष्य गेलं माझं शाळेत.”

“शाळेत तुम्ही घंटा वाजवायचात, मावशी.”

“घंटा वाजल्याशिवाय कुठली शाळा भरली गं तुझी? सांग बघू, एक तरी दिवस भरली?”

शेवटी असे ठरले की ईस्टरपर्यंत मुदत. तोपर्यंत इरिया वाचू लागली तर दुपारी मादरीनकडे राहील. नाही वाचू लागली तर ईस्टरची सुट्टी संपताच केंद्रात जाईल. नेलिया गेल्यावर बाईंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिले. मग मला म्हणाल्या, “तू काय बघतोस, बेल्मिरो? चीज ठेव आणि जा. मला धडा काढायचा आहे.”

दुसऱ्या दिवसापासून गावात पुन्हा हातघंटा वाजू लागली. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्या आग लागली समजून बादल्या घेऊन धावल्या.

बाईंच्या घरात पुस्तक एकच होते, आणि ते म्हणजे खिळ्याला दोऱ्याने टांगलेले शेतकऱ्यांचे पंचांग. वर्गाच्या दाराच्या फटीतून बाईंनी जी शिक्षणपद्धती पाहिली होती, तीत पुस्तक शिक्षकाच्या पुढ्यात असे आणि मुले समोर असत. तीच पद्धती त्यांनी घरी लागू केली. पंचांग त्या आपल्या पुढ्यात उघडून ठेवीत, विणकामाच्या सुईने शब्दावर टोचीत आणि वाचीत. समोर, खिडकीकडे पाठ करून, इरिया मेजावर छाती टेकून पंचांगाकडे पाही आणि त्यांच्यामागून म्हणे. अशा रीतीने त्या मुलीने जे पहिले शब्द ओळखले ते आई, घर किंवा मांजर असे नव्हते. ते कोबी, खत, अमावास्या आणि मेंढीचे खूर असे होते.

लिहिण्यासाठी पावाच्या कागदी पिशव्या उलगडून मेजावर पसरल्या जात. इरिया आपल्या बाजूने वाकून लिही आणि बाई आपल्या बाजूने पाहत. “अक्षर बघ पोरीचं, बेल्मिरो! मोत्यासारखं!” त्या मला म्हणत, आणि पिशवी आपल्या बाजूने मला दाखवीत. खरोखरच अक्षरे सरळ आणि गोल होती. माझ्या प्रौढ वर्गातील अक्षरे पळून जाणाऱ्या मेंढ्यांसारखी होती, त्यामुळे मी मान खाली घालून कॉफी प्यायलो.

“तुझ्या वर्गात कुठवर आलास?” बाई मुद्दाम विचारीत.

“जोडून वाचतो थोडं.”

“माझी पोर अख्खा मार्च वाचते. कोबी लावण्यापासून मेंढ्या कातरण्यापर्यंत.”

एवढे मात्र लिहिलेच पाहिजे की या धड्यांच्या काळात बाईंचे दुसरे कामही बंद पडले नव्हते. सुई शब्दावर असे आणि डोळे खिडकीत. “म्हण, कोऽबी. अगंबाई, हा परत कॅफेकडे वळला! म्हण, लावाऽवा. बायको चर्चमध्ये मेणबत्त्या लावते आणि हा... म्हण, म्हण, थांबलीस का?” शिक्षणाला बाईंनी आपले सर्वस्व वाहिले होते, पण खुर्ची वाहिली नव्हती.

बालवाडीतही इरिया आता लिहू लागली होती. कातियाबाईंनी तिचा एक कागद भिंतीवरील प्रदर्शनात लावला आणि खाली चिठ्ठी डकवली: ‘वादळ. इरिया, पाच वर्षे. मुक्त रेषा.’ नेलियाने तो पाहिला आणि ती अधिकच खचली. “कचेरीतल्या पोरी पत्रं लिहितात,” ती मला रस्त्यात म्हणाली, “आणि माझी वादळं काढते, बेल्मिरोकाका.”

ईस्टरच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी मूल आपल्या धर्ममातेला ऑलिव्हची सजवलेली फांदी नेऊन देते, आणि पुढच्या रविवारी, ईस्टरला, धर्ममाता त्याला अख्खे अंडे घालून भाजलेला गोड पाव देते. नेलियाने फांदीला रेशमी फीत बांधली आणि फितीला एक कार्ड बांधले. कार्डावर तिने सुवाच्य अक्षरांत एकच वाक्य लिहिले होते. प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावादेखत, इरियाने ते वाचून दाखवावे आणि फांदी द्यावी, अशी योजना होती. एर्मेलिंदाबाईंनी ठेवणीतला काळा कोट घातला होता.

“वाच, बाळ,” नेलिया म्हणाली.

इरियाने कार्ड पाहिले आणि दोन्ही हातांनी ते फिरवू लागली.

“सरळ धर!” नेलियाने ते पुन्हा पूर्ववत केले. “हं, वाच.”

मुलीने पुन्हा फिरवले. आईने पुन्हा सरळ केले.

“खेळ नको करूस, इरिया. सगळे बघताहेत.”

“असं नाही वाचत,” इरिया म्हणाली.

“कसं नाही वाचत? हे पहिलं काय आहे, सांग.”

“तो गोल आहे,” इरिया म्हणाली.

झुल्मिरा, जिच्या कॅफेची नोंद बाई इतक्या नियमाने ठेवीत, ती मागून म्हणाली, “गोल तर माझी कोंबडीसुद्धा ओळखते हो! रोज एक घालते.” लोक हसले. नेलियाने फांदी मुलीच्या हातातून घेतली, बाईंच्या हातात दिली आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, “मावशी, तुम्ही पुष्कळ केलंत. सुट्टी संपली की ती केंद्रात जाईल. नाव मी उद्याच घालते.”

ऑलिव्हची फांदी छातीशी धरून बाई घरी गेल्या, आणि त्या दिवशी रस्त्यावरून कोण गेले हे त्यांनी पाहिले नाही, असे त्यांनी स्वतः मला सांगितले. यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना यावी.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या एका वाडग्यातील पाण्यात तेलाचे थेंब सोडीत होत्या. थेंब पसरला तर दृष्ट लागलेली असते.

“पसरला,” त्या म्हणाल्या. “झुल्मिराच. दुसरं कोण? घरी ती वाचते रे, बेल्मिरो! या कानांनी ऐकलंय मी.”

“मग तिथं का नाही वाचलं?”

“आयांपुढे पोरं मुकी होतात. शाळेत बघितलंय मी. आई दारात आली की हुशारातला हुशार पोरगा पाय घासत उभा.” मग त्यांनी वाडगा बाजूला सारला. “केंद्रातून सुटून अंधारात यायची ती. जेवायची नि झोपायची. मग या खुर्चीत कोण बसणार, तू?”

“मी बसेन की.”

“तू बसशील आणि मेंढ्यांचं सांगशील,” त्या म्हणाल्या. हे खरे असल्यामुळे मी निघालो. हातघंटा मेजावर होती, आणि तिच्या आत त्यांनी हातरुमाल कोंबून ठेवला होता.

ईस्टरच्या रविवारी आमचे धर्मगुरू, फादर आन्सेल्म, क्रूस घेऊन घरोघर फिरतात आणि प्रत्येक घराला आशीर्वाद देतात. लोक उंबऱ्यावर रोजमेरी आणि फुलांच्या पाकळ्या पसरतात. पुढे घंटा वाजवत एक माणूस चालतो. कित्येक वर्षे तो माणूस मी आहे. फादर आन्सेल्म यांच्याकडे अनेक गावे आहेत आणि पाय दोनच. शिवाय प्रत्येक घरात त्यांना चेरीच्या मद्याचा एक प्याला घ्यावाच लागतो, नाहीतर घरधनीण रुसते. या सर्व कारणांमुळे दिवस चढतो तसा आशीर्वाद आखूड होत जातो. सकाळच्या घरांना तो पूर्ण मिळतो, दुपारच्या घरांना अर्धा, आणि शेवटच्या घरांना केवळ ‘आमेन’. आम्ही एर्मेलिंदाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती.

खोलीत नेलिया होती, नवा झगा घातलेली इरिया होती, आणि मेजावर अंडे घातलेला गोड पाव होता. इरिया आपल्या नेहमीच्या खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून बसली होती. फादर आत आले, त्यांनी सर्वांना क्रूसाचे चुंबन घेऊ दिले, कपाळ पुसले, आणि मग कपाट व शिवणयंत्र यांच्या मधल्या बेचक्यात शिरून ते सरळ बाईंच्या खुर्चीवर बसले.

त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. बाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. पण साक्षात धर्मसंस्थाच बसलेली असल्यामुळे त्यांना काही बोलता येईना. फादरांनी प्रार्थनेचे पुस्तक मेजावर आपल्यापुढे उघडले आणि बसल्या बसल्या भरभर वाचू लागले. “प्रभो, या घरावर, या भाकरीवर, या विहिरीवर तुझी कृपा असो...” एवढे म्हणून त्यांचे बोट एकदम पानाच्या तळाशी उतरले. “...आता आणि सर्वकाळ. आमेन.”

मेजापलीकडून एक छोटे, मधाने चिकट झालेले बोट पुस्तकावर आले.

“हे राहिलं,” इरिया म्हणाली.

“काय राहिलं, बाळ?” फादर उठता उठता म्हणाले.

“ही ओळ. आणि ही.”

“हो का? बरं, बरं. देवाला पाठ आहे ती.”

“जे... या... घरी,” इरिया बोट सरकवीत म्हणू लागली, पंचांग वाचावे तशी, एकेक शब्द टोचून. “जे... या घरी... एक...टे... राह...तात, त्यां...ना, प्रभो, सो...बत दे.”

मी घंटा हातात धरून उभा होतो आणि ती वाजू नये म्हणून तिची जीभ बोटाने धरली. हे पुस्तक त्या मुलीने पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते फादरांच्या झग्याच्या खिशाबाहेर फारसे येत नाही. फादरांचे कान तांबडे झाले, आणि ते काही मद्याने झाले नव्हते.

“वाचलं तिनं!” बाई ओरडल्या. “वाचलं की नाही? सांगा, फादर! तुमच्या तोंडून सांगा!”

“वाचलं,” फादर म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त वाचलं.”

नेलिया पुढे आली. तिने पुस्तक फादरांपुढून ओढले, मुलीकडे सरळ फिरवून ठेवले आणि म्हणाली, “पुढचं वाच. इथून.”

इरियाने पुस्तकाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. मग तिने दोन्ही हातांनी पुस्तक पुन्हा फिरवले आणि वाचू लागली.

“उलटं!” नेलियाने तोंडावर हात नेला. “माझी मुलगी उलटं वाचते!”

“उलटं कसलं?” बाई म्हणाल्या. “माझ्या बाजूनं तर सरळच आहे.”

हे वाक्य बोलून झाल्यावर बाई थांबल्या. त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिले, मग इरियाच्या खुर्चीकडे, मग मेजाकडे. मी त्यांना पुष्कळ वर्षे ओळखतो. त्यांना एखादी गोष्ट कळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, परंतु स्वतःविषयी काही कळल्याचे ते पहिलेच उदाहरण होते.

“म्हणजे ते वादळ...” नेलिया पुटपुटली.

ते वादळ आम्ही नंतर जाऊन पाहिले. कातियाबाईंनी तो कागद इरियाच्या बाजूने भिंतीवर लावला होता. मी मान पूर्ण वाकडी केली तेव्हा वाचता आले: ‘मार्चात कोबी लावावा.’ कातियाबाई म्हणाल्या की मुक्त रेषांना अनेक अर्थ असतात.

तूर्त मात्र खोलीत भांडण लागले होते.

“केंद्रात ते सरळ करतील,” नेलिया म्हणाली. “तज्ज्ञ आहेत तिथे.”

“सरळ करायला काय लोखंड आहे ती?” बाई म्हणाल्या. “वाचायला हवं होतं ना? वाचतेय. कुठल्या बाजूनं ते तू ठरवलं होतंस का?”

“मावशी, जगात पुस्तकं सरळ धरतात!”

“फादरांनी सरळच धरलं होतं. काय फायदा झाला?”

फादर आन्सेल्म यांनी या वेळी मध्ये पडणे इष्ट समजले. “नेलिया, अक्षर तिला कळलंय, ते कठीण काम होतं. आता शेजारी बसून शिकवलं की ही उलटी सवय पंधरवड्यात सुटेल. त्यासाठी शहर कशाला?” असे म्हणून ते त्या बेचक्यातून अवघडत उठले.

इरियाने तोवर पावातील अंडे बोटाने उकरून काढले होते. “मी मादरीनकडेच,” ती तोंड भरलेले असताना म्हणाली. “केंद्रात शेगडी नाही.”

“ठीक आहे,” नेलिया म्हणाली. “पण शेजारी. शेजारी बसून शिकवायचं, मावशी. समोर बसून नाही. एकदा जरी समोर दिसलात तरी मी तिला घेऊन जाईन.”

सर्वांनी मेजाकडे पाहिले. कपाटाच्या बाजूला दोन खुर्च्या मावत नव्हत्या; हे मी पूर्वीच नमूद केले आहे. शेजारी बसायचे तर दोघींनाही खिडकीकडे पाठ करून बसावे लागणार होते. म्हणजे चर्च नाही, कॅफे नाही, झुल्मिराचा मेव्हणा नाही. बाईंचे यजमान ज्या बाजूला बसून वारले, ती बाजू.

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिले. नेमका त्याच वेळी रस्त्यावरून कोणीतरी चालला होता. त्यांनी त्याला अगदी शेवटपर्यंत जाऊ दिले.

“बेल्मिरो,” त्या म्हणाल्या, “तुझ्या हातात घंटाच आहे ना फक्त? ठेव ती खाली. माझी खुर्ची तिकडे ने.”

मी ती उचलली. इतकी वर्षे ती एकाच जागी होती, की फरशीवर तिच्या पायांचे चार पांढरे ठसे उमटले होते. मी ती इरियाच्या खुर्चीला लावून ठेवली. बाई तीत बसल्या, कापड मांड्यांवर ओढले, आणि समोरच्या उघड्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, “किती कुरूप भिंत आहे ही. कोणी सांगितलं नाही मला.”

निघताना फादर उंबऱ्यावर थांबले. मग पुन्हा आत वळले, पुस्तक उघडले आणि राहिलेल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. त्या दिवशी पुढच्या सर्व घरांना पूर्ण आशीर्वाद मिळाला, आणि शेवटच्या घरातली कोकराची थाळी थंड झाली.

नेलियाने केंद्रातून नाव काढून घेतले. इरियाला पाने सरळ दिसू लागण्यास फादरांनी सांगितले त्यापेक्षा अधिक काळ लागला, पण दिसू लागली. आता ती दोन्ही बाजूंनी वाचते, त्यामुळे कचेरीतल्या चर्चेत नेलिया सर्वांच्या पुढे गेली आहे. “सरळ तर कोणीही वाचतं,” असे ती तेथे म्हणते, अशी माझी माहिती आहे.

एर्मेलिंदाबाईंनी मात्र पहिला आठवडा फार कष्टाने काढला. गाव त्यांच्या पाठीमागून चालत होते. पाववाल्याने नवी गाडी घेतली हे त्यांना तीन दिवस कळले नाही. शेवटी त्यांनी शयनगृहातील आरसा काढून आणला आणि समोरच्या त्या कुरूप भिंतीवर, कपाट आणि शिवणयंत्र यांच्या मध्ये, जेथे पूर्वी त्यांचे डोके टेकत असे, तेथे लावून घेतला. खिळा मीच ठोकला. आता बाई खिडकीकडे पाठ करून, मुलीच्या शेजारी, नियमाप्रमाणे बसतात, आणि आरशात सगळा रस्ता पाहतात.

काल मी कॉफीसाठी गेलो होतो. इरिया वाचत होती आणि सुई तिच्या बोटापुढे सरकत होती. बाईंची नजर आरशात होती.

“अरे वा!” बाई एकदम म्हणाल्या. “बेल्मिरो, बघ. झुल्मिराचा मेव्हणा! चक्क डावीकडे चाललाय. चर्चला! सुधारला बिचारा.”

इरियाने पानावरून डोके वर काढले नाही.

“मादरीन,” ती म्हणाली, “उलटं आहे ते. कॅफेत चाललाय.”